नवीन गेमिंग पीसी घरी आणलाय? गेम डाउनलोड करायच्या आधी हे एवढं तपासा

निपाणीचा माझा मामेभाऊ आणि मी, दोघांनी एकाच महिन्यात पीसी घेतला. पार्ट जवळपास सेम टू सेम, रायझन ५ ५६००, आरटीएक्स ३०६० चं १२ जीबीचं कार्ड, ८-८ जीबीच्या दोन रॅम, बी५५० चा मदरबोर्ड. त्यानं घरात जमिनीवर चादर अंथरून स्वतः जोडला, मी एका दुकानात पैसे देऊन जोडून घेतला कारण मला स्क्रूड्रायव्हर हातात धरायचीच भीती. आठ महिन्यांनी गणपतीत तो आमच्याकडं बेळगावात अनगोळला आला, माझ्या पीसीवर व्हॅलोरंट खेळायला बसला आणि पाच मिनिटात म्हणाला, "मधी मधी अडकूलालंय रे हे, माझ्याकडं असं होत नाही की." मी म्हटलं तुझ्या डोळ्याला काहीतरी झालंय, एफपीएस (सेकंदाला बनणाऱ्या फ्रेम, म्हणजे चित्रं) तर दोनशेच्या वर दिसतोय.

रात्री आरतीनंतर त्यानं साईडचं कव्हर काढलं. दोन्ही रॅम शेजारी शेजारी खोचलेल्या, म्हणजे सिंगल चॅनेल. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणारं बोर्डाचं स्वतःचं सॉफ्टवेअर) एक्सएमपी, म्हणजे रॅमला पूर्ण स्पीड देणारी सेटिंग, बंद; त्यामुळं ३२०० ची रॅम २१३३ वर चाललेली. आणि १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा मॉनिटर विंडोजमध्ये ६० वर. आठ महिने मी असाच खेळलो आणि वर चार लोकांना "लय भारी चालतोय" म्हणून सांगितलं. एक पार्ट खराब नव्हता, एक रुपया जादा गेला नाही, वीस मिनिटात सगळं सरळ झालं.

त्यानंतर गल्लीतल्या, ऑफिसातल्या सात-आठ जणांचे पीसी आम्ही दोघांनी मिळून तपासलेत, बेळगाव, खानापूर, चिकोडी असं फिरून. प्रत्येक वेळी तेच प्रश्न, म्हणून एकदाच लिहून काढतोय. सगळ्या टेस्टना मिळून दोन दिवस धरा, त्यातला बराच वेळ पीसी आपला आपण चालणार आणि तुम्ही जेवून झोपून येणार.

आधी काय काय गोळा करायचं

- सगळ्या पार्टांची बिलं, आणि बॉक्सवरच्या सिरीयल नंबरचे फोटो. बॉक्स टाकून देऊ नका, आईला माळ्यावर जागा करायला सांगा.
- एक वही. मोबाईलच्या नोट्स नको, वहीच. का ते पुढं कळेल.
- ८ जीबीचा एक रिकामा पेनड्राइव्ह. रिकामाच घ्या कारण त्यातलं सगळं पुसलं जातंय, बहिणीच्या लग्नाचे फोटो असलेला घेऊ नका.
- खोलीचं तापमान दाखवणारं साधं थर्मामीटर.
- वायरमनकडं असतो तसला टेस्टर आणि एक फिलिप्स स्क्रूड्रायव्हर.
- सॉफ्टवेअर: एचडब्ल्यूइन्फो ६४, सीपीयू-झेड, जीपीयू-झेड, सिनेबेंच आर२३, मेमटेस्ट८६, ओसीसीटी, क्रिस्टलडिस्कमार्क, एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्याच्याबरोबर येणारा रिव्हाट्यूनर, आणि थ्रीडीमार्कचा स्टीमवर मिळणारा डेमो. घरी वापरायला हे सगळं फुकट मिळतंय. प्रत्येकाच्या मूळ साईटवरूनच उतरवा, मधल्या कुठल्यातरी साईटवरून घेतलं तर बरोबर चार टूलबार आणि एक व्हायरस फुकट.

१. सगळ्यात आधी प्लग, मग पीसी

हे कुणी व्हिडिओत सांगत नाहीत कारण त्यांच्याकडं लाईट जात नसावी. आपल्याकडं पावसाळ्यात, विशेष करून खानापूर पट्ट्यात, कधी जाईल नेम नाही. आणि जुन्या घरात अर्थिंग नुसतं नावाला असतंय, तीन पिनचं सॉकेट दिसतंय पण तिसरी वायर मागं कुठंच जोडलेली नाही.

पीसी चालू असताना केसच्या रंग नसलेल्या जागी, म्हणजे मागच्या स्क्रूला वगैरे, टेस्टर लावून बघा. मंद जरी पेटला किंवा हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं वाटलं तर अर्थिंग नाही. टेस्ट तिथंच थांबवा, वायरमनला बोलवा. तीन पिनला दोन पिन करणारा तो चिमणीएवढा अडॅप्टर तर वापरूच नका.

दुसरं, एसएमपीएसच्या, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, स्टिकरवर इनपुट काय लिहिलंय ते वाचा. १००-२४० व्होल्ट लिहिलेलं असेल तर व्होल्टेज थोडं खाली-वर झालेलं ते सांभाळून घेतंय. २००-२४० असेल आणि तुमच्याकडं संध्याकाळी ट्यूबलाईट फडफडते अशी परिस्थिती असेल तर स्टॅबिलायझरचा विचार करा.

आणि बायोस अपडेट करायचं डोक्यात असेल तर बाहेर ढग आलेले असताना करू नका. मध्येच लाईट गेली तर बोर्ड मरू शकतो.

२. बिलात आहे तेच आत आहे काय बघा

सीपीयू-झेड उघडा, प्रोसेसरचं नाव बघा, रॅम किती आणि कुठली बघा. जीपीयू-झेड उघडा, कार्डचं नाव आणि मेमरी बघा. सेकंड हँड कार्ड घेतलं असेल तर हे फार महत्त्वाचं, कारण जुन्या कार्डची बायोस बदलून नवीन नाव घातलेली कार्डं बाजारात फिरतात, त्यातली बरीच जीपीयू-झेड ओळखतंय आणि नावाच्या पुढं फेक असं दाखवतंय.

सिरीयल नंबर बिलाशी जुळवा. पीसी कोल्हापूरहून, पुण्याहून किंवा बेंगळुरूच्या एसपी रोडवरून जोडून आणला असेल तर एक काम आणखी: साईड कव्हर काढून कार्ड आणि रॅम हातानं हळूच दाबून बघा, अर्थात मेन बटण बंद करून. कोल्हापूर-बेळगाव शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या बसच्या प्रवासात जड कार्ड स्लॉटमधून सैल होऊ शकतंय. खरं तर आणतानाच कार्ड काढून त्याच्या बॉक्समध्ये घालून आणायचं, पण ते आपल्याला नेहमी नंतर सुचतंय.

३. रॅम: सगळ्यात जास्त लोक इथंच मार खातात

चार स्लॉटचा बोर्ड आणि दोन रॅम असतील तर प्रोसेसरकडून मोजत दुसरा आणि चौथा स्लॉट. बोर्डाच्या पुस्तिकेत ए२ आणि बी२ असं लिहिलेलं असतंय. पहिला-दुसरा नाही, तिसरा-चौथा नाही. शेजारी शेजारी खोचल्या तर दोन्ही एकाच चॅनेलवर बसतात, आणि प्रोसेसरला रॅमकडून माल आणायचा रस्ता दोन पदरीचा एक पदरी होतो. एवरेज एफपीएस कदाचित फार पडणार नाही पण गेम मधी मधी अडकणार, माझा अडकत होता तसा.

मग पीसी चालू करून डिलीट की दाबत बायोसमध्ये जा आणि एक्सएमपी चालू करा. एएमडीच्या बोर्डात कधी त्यालाच डीओसीपी म्हणतात, डीडीआर५ च्या एएमडी बोर्डात एक्स्पो. हे चालू केल्याशिवाय रॅम तिच्या बॉक्सवरच्या स्पीडवर चालत नाही, डीडीआर४ असेल तर २१३३, २४०० किंवा २६६६ वर, डीडीआर५ असेल तर बहुतेक ४८०० वर पडून राहते. दुकानदार "सगळं सेट करून दिलंय" म्हणाला तरी बघा. माझाही म्हणाला होता.

विंडोजमध्ये परत आल्यावर टास्क मॅनेजरमध्ये मेमरीखाली स्पीड ३२०० दिसला पाहिजे. इथं एक गंमत आहे, सीपीयू-झेडमध्ये तोच आकडा १६०० दिसतो आणि लोक घाबरून फोन करतात. डीडीआर म्हणजेच एका ठोक्याला दोनदा डेटा, म्हणून १६०० चा दुप्पट ३२००. बरोबर आहे ते, झोपा निवांत.

४. केबल कुठं लावलीय?

हसू नका. चिकोडीच्या एका पोरानं आरटीएक्स ४०६० घेऊन दोन आठवडे मॉनिटरची केबल बोर्डाला लावलेली. पडद्यावर चित्र येतंय, गेम चालू होतोय, पण कार्ड आत नुसतं बसून आहे आणि प्रोसेसरच्या आतलं बारकं ग्राफिक्स सगळं ओढतंय. रायझन ५६०० सारख्या प्रोसेसरला आतलं ग्राफिक्सच नाही, त्यामुळं तिथं काळा पडदा येतो आणि चूक लगेच कळते. ५६००जी असेल किंवा नावात एफ नसलेला इंटेल असेल तर चित्र येत राहतं आणि माणूस फसतो. केबल खालच्या आडव्या पोर्टात, म्हणजे कार्डात.

आणि शक्यतो डिस्प्लेपोर्टची केबल वापरा. मग विंडोजच्या सेटिंगमध्ये डिस्प्ले, त्याच्या आत अॅडव्हान्स्ड डिस्प्ले, तिथं रिफ्रेश रेट हातानं १४४ किंवा जो असेल तो निवडा. विंडोज आपणहून तो ६० वर ठेवू शकतंय. मॉनिटरवर पैसे खर्च केलेत ते वसूल करा.

५. ड्रायव्हर

कार्डाचा ड्रायव्हर एनव्हिडिया किंवा एएमडीच्या साईटवरून, चिपसेटचा एएमडी किंवा बोर्ड कंपनीच्या साईटवरून, विंडोजचे सगळे अपडेट पूर्ण करून एकदा रीस्टार्ट. बॅकग्राउंडला अपडेट चालू असताना टेस्ट केली तर सगळे आकडे खोटे येतात. बास.

६. रॅमची रात्रभराची परीक्षा

मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवर टाका, पेनड्राइव्हवरून पीसी चालू करा, टेस्ट लावा आणि झोपा. फुकटच्या आवृत्तीत चार फेऱ्या होतात, १६ जीबीला काही तास लागतात. मध्ये लाईट गेली तर पहिल्यापासून, त्याला इलाज नाही. आमच्या गल्लीत मी ही टेस्ट तीन रात्री लावली होती तेव्हा एकदा पूर्ण झाली.

एरर शून्य पाहिजे. एक सुद्धा चालत नाही, "एकच आहे की" असलं काही नसतंय इथं. एरर आली तर एक्सएमपी बंद करून परत लावा. तेव्हा शून्य आली तर रॅम आणि बोर्डाचं त्या स्पीडला जमत नाही, बोर्डाचं नवीन बायोस घालून बघा किंवा स्पीड एक पायरी खाली आणा. तरीही आली तर एक-एक रॅम वेगळी लावून कुठली खराब ते शोधा आणि वॉरंटीत द्या.

हे बाकीच्या टेस्ट, गेम वगैरे सगळ्याच्या आधी का, तर खराब रॅममुळं पुढच्या प्रत्येक टेस्टमध्ये भलतंच काहीतरी दिसतंय, आणि मग लोक कार्ड बदलतात, विंडोज परत टाकतात, एसएमपीएस बदलतात.

७. प्रोसेसर, आणि त्या थर्मामीटरचं काम

एचडब्ल्यूइन्फो उघडा, फक्त सेन्सर दाखव म्हणून टिक करा. भली मोठी यादी येईल, घाबरू नका, त्यात प्रोसेसरचं तापमान, त्याचा क्लॉक (म्हणजे स्पीड) आणि तो किती वॅट खातोय एवढ्या तीनच ओळी बघायच्या. मग सिनेबेंच आर२३ चं मल्टी कोर दहा मिनिटं चालवा.

५६०० ला मल्टी कोरमध्ये ११,००० च्या आसपास स्कोअर आला पाहिजे. तुमचा प्रोसेसर वेगळा असेल तर त्याच प्रोसेसरचे चार-पाच जणांचे स्कोअर शोधून बघा. पाच टक्के इकडं तिकडं चालतंय, वीस टक्के कमी असेल तर काहीतरी चुकलंय.

आता तापमान. ५६०० ची कमाल मर्यादा ९० डिग्री, रायझन ७००० मधल्या बहुतेकांची ९५, इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीची १००. तिथं पोचलं की प्रोसेसर स्वतःच स्पीड कमी करतो, जळत वगैरे नाही. पण नुसता "माझा ७४ वर चालतोय" हा आकडा काहीच सांगत नाही, खोली किती गरम होती ते सांगितल्याशिवाय.

मी डिसेंबरात सकाळी टेस्ट केली, खोलीत २१ डिग्री, प्रोसेसर ७४. खूश झालो. मे महिन्यात दुपारी तीच टेस्ट, खोलीत ३३, प्रोसेसर ८७. मी कूलर खराब झाला म्हणून नवीन शोधायला लागलो. मामेभावानं वही मागितली आणि वजाबाकी केली: ७४ मधून २१ गेले ५३, ८७ मधून ३३ गेले ५४. कूलर तसाच होता, बेळगाव गरम झालं होतं. म्हणून वहीत कायम तारीख, खोलीचं तापमान, प्रोसेसरचं तापमान आणि वजाबाकी असे चार रकाने करा. वजाबाकी वाढली तर धूळ, प्रोसेसर आणि कूलरच्या मधली सुकलेली पेस्ट किंवा बंद पडलेला पंखा. आणि थंडीत टेस्ट करत असाल तर ती वजाबाकी उन्हाळ्यातल्या ३५ मध्ये मिळवून बघा, मर्यादेच्या वर जात असेल तर कूलर आत्ताच बदलायचा विचार करा, दुकानदार ओळखीचा आहे तोवर. अथणी, चिकोडीकडं उन्हाळा आमच्यापेक्षा कडक, तिकडच्यांनी ४० धरा.

५६०० सारख्या प्रोसेसरचं तापमान दहा-पंधरा सेकंदातच मर्यादेला भिडलं तर वाट बघत बसू नका, बंद करा. कूलर नीट बसलेला नाही, किंवा कूलरच्या बुडाचं प्लास्टिक काढायचं राहिलंय. होय, ते राहतंय. चांगल्या चांगल्यांचं राहतंय.

पीसी टेबलाच्या खालच्या लाकडी कप्प्यात दार लावून ठेवला असेल तर एकदा दार उघडून टेस्ट करा, फरक वहीत दिसेल आणि सुताराला दार काढायला सांगायला कारण मिळेल. मामेभावाच्या घराजवळ तंबाखूची वखार आहे, त्याला पुढची जाळी दर पंधरा दिवसांनी साफ करावी लागते, मला दीड-दोन महिन्यांनी एकदा पुरते.

८. ग्राफिक्स कार्ड

थ्रीडीमार्कमधली टाईम स्पाय चालवा. शेवटी तीन आकडे येतात: एकूण, ग्राफिक्स आणि सीपीयू. कार्ड बघायचं तर ग्राफिक्सचाच आकडा दुसऱ्याच्या ग्राफिक्सच्या आकड्याशी जुळवा, लोक एकूण आकडा जुळवतात आणि उगीच भांडत बसतात. ३०६० ला साडेआठ हजारांच्या आसपास, ४०६० ला दहा हजारांच्या थोडं वर.

टेस्ट चालू असताना जीपीयू-झेडमध्ये बस इंटरफेसची, म्हणजे कार्ड आणि बोर्डाच्या मधल्या रस्त्याची ओळ बघा. रिकामं असताना तिथं १.१ दिसलं तरी काळजी नको, वीज वाचवायला कार्ड खाली येतंय, लोड आल्यावर ३.० किंवा ४.० झालं पाहिजे. ३०६० ला एक्स१६, म्हणजे सोळा लेनचा रस्ता पाहिजे. ४०६० आणि आरएक्स ६६०० मुळातच एक्स८ चे आहेत, तिथं एक्स८ दिसलं म्हणून दुकानात भांडायला जाऊ नका. एक्स४ दिसलं तर मात्र कार्ड बहुतेक खालच्या चुकीच्या स्लॉटमध्ये बसवलंय.

कार्डाची तापमानं दोन असतात, एक साधं आणि एक हॉटस्पॉट, म्हणजे चिपवरच्या सगळ्यात गरम जागेचं. दोन्हीत दहा-पंधरा डिग्रीचा फरक नेहमीचा, पंचवीस-तीसच्या वर जात असेल तर कार्डाच्या आतली पेस्ट किंवा हीटसिंक नीट बसलेला नाही. नवीन कार्ड असेल तर उघडू नका, वॉरंटीत द्या.

पडद्यावर रंगीत चौकोन, ठिपके, चमकणारे त्रिकोण दिसले तर मोबाईलनं व्हिडिओ काढून ठेवा, पुढं लागेल. आणि मेनूमध्ये एफपीएस हजारावर गेल्यावर कार्डातून रातकिड्यासारखा किर्रर्र आवाज येतो, त्याला कॉईल व्हाईन म्हणतात, तो बिघाड नाही. एफपीएसला लिमिट लावा, कमी होतो.

९. दोन्ही एकदम: एसएमपीएस आणि यूपीएस

प्रोसेसर एकटा पास, कार्ड एकटं पास, पण गेममध्ये दोन्ही एकदम लोडवर येतात आणि तेव्हाच स्वस्तातला एसएमपीएस मान टाकतो. ओसीसीटीमध्ये पॉवर नावाची टेस्ट आहे, ती दोघांनाही एकदम पळवते. अर्धा तास लावा आणि समोर बसून राहा. ही एकच टेस्ट मी झोपताना लावत नाही.

पीसी फटकन बंद पडला तर लगेच एसएमपीएसला दोष देऊ नका. आधी यूपीएस काढून थेट भिंतीतल्या सॉकेटला लावून परत टेस्ट करा. आपल्याकडं घरोघरी असलेला ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच देऊ शकतो, बारीक अक्षरात लिहिलेलं असतं मागं. ५६०० आणि ३०६० चा पीसी आणि मॉनिटर मिळून या टेस्टमध्ये तीनशेच्या आसपास जातात, त्यात कुणी त्याच यूपीएसला राऊटर आणि स्पीकर पण लावलेले असतात. शिवाय असे बरेच यूपीएस बॅटरीवर विजेची गुळगुळीत लहर देत नाहीत, पायऱ्या पायऱ्यांची देतात, काही एसएमपीएसना ते सोसत नाही आणि लाईट गेली की पीसी पण जातो. थेट सॉकेटवर पास आणि यूपीएसवर नापास, तर यूपीएस मोठा घ्या. दोन्हीकडं नापास, तर एसएमपीएस.

खरी परीक्षा म्हणून गेम चालू असताना यूपीएस भिंतीतल्या ज्या सॉकेटला लावलाय त्याचं बटण एकदा बंद करून बघा, सेव्ह करून अर्थातच. हेस्कॉमची (इथली वीज कंपनी) लाईट जायची वाट कशाला बघायची.

१०. एसएसडी

क्रिस्टलडिस्कमार्क, पहिल्या ओळीचा वाचायचा आकडा बघायचा. सॅटा एसएसडी सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास, जेन ३ एनव्हीएमई ३,५०० पर्यंत, जेन ४ ची बहुतेक मॉडेलं ५,००० ते ७,०००. जेन ४ असून ३,५०० वर अडकला असेल तर बहुतेक बोर्डाच्या दुसऱ्या स्लॉटमध्ये बसवलाय, बी५५० वर तो जेन ३ चाच असतो. गेम लोड व्हायला त्यानं फार फरक पडत नाही म्हणून मी माझा तसाच ठेवलाय, आळस.

११. आता गेम

आफ्टरबर्नर आणि रिव्हाट्यूनर लावून कोपऱ्यात हे दिसेल असं करा: एफपीएस, फ्रेम टाईमचा आलेख, कार्ड किती टक्के वापरात, दोघांची तापमानं, रॅम किती भरली. व्हीसिंक (एफपीएसला मॉनिटरच्या रिफ्रेश रेटला बांधणारी सेटिंग) बंद, एफपीएस लिमिट बंद.

ज्या गेममध्ये बेंचमार्क आतच दिलेला आहे तो घ्या, सायबरपंक २०७७, जीटीए ५, शॅडो ऑफ द टूम्ब रेडर यात आहे. तीनदा चालवा, पहिल्यांदाचा आकडा सोडून द्या कारण पहिल्या वेळी शेडर (कार्डावर चालणारे गेमचे छोटे प्रोग्राम) वगैरे तयार होत असतात. सेटिंगचे फोटो काढून ठेवा, पुढच्या वेळी हाय होतं का अल्ट्रा ते आठवत नसतंय.

एवरेज एफपीएसच्या मागं लागू नका, माझी फसगत तिथंच झाली होती. ६० एफपीएस म्हणजे दर फ्रेमला १६.७ मिलीसेकंद, १४४ म्हणजे ६.९. समजा बाकी सगळ्या फ्रेम सातात आल्या आणि मध्येच एक साठ मिलीसेकंदांनी आली, तर एवरेज मस्तच दिसणार पण हाताला झटका जाणवणार. फ्रेम टाईमची रेघ शक्य तितकी सपाट पाहिजे, आणि १% लो, म्हणजे सगळ्यात हळू आलेल्या एक टक्का फ्रेमचा एफपीएस, एवरेजच्या फार खाली नको. माझ्या पीसीत रॅम नीट केल्यावर एवरेज थोडंसंच वाढलं, १% लो मात्र चांगलाच वर आला आणि ते अडकणं गेलं.

कार्ड ५०-६० टक्केच वापरात दिसतंय म्हणून लोक काळजी करतात. व्हॅलोरंटसारख्या गेममध्ये ते तसंच असतंय, तिथं प्रोसेसरच आधी थकतो. खात्री करायची असेल तर रिझोल्यूशन कमी करा. एफपीएस वाढला तर कार्ड अडवत होतं, नाही वाढला तर प्रोसेसर किंवा रॅम. एका पैशाचाही खर्च नाही या टेस्टला.

यूट्यूबवरच्या आकड्यांशी जुळवताना प्रोसेसर, रॅमचा स्पीड, सेटिंग, डीएलएसएस (कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करून एफपीएस वाढवणारी एनव्हिडियाची सोय) चालू का बंद, हे सगळं तेच आहे काय बघा. ज्या व्हिडिओत हातात कार्ड धरलेला माणूस एकदाही दिसत नाही आणि नुसते आठ कार्डांचे आकडे पळतात, त्यातले बरेच घरबसल्या बनवलेले असतात.

१२. काही नापास झालं तर दुकानात काय घेऊन जायचं

"पीसी बंद पडतोय" एवढंच सांगितलं तर समोरून "विंडोज परत टाका" एवढंच उत्तर येणार. त्यापेक्षा हे न्या: बिल, सिरीयल नंबर, कुठली टेस्ट किती मिनिटांनी नापास झाली ते वहीत लिहिलेलं, बंद पडतानाचा मोबाईल व्हिडिओ, आणि एचडब्ल्यूइन्फोमध्ये लॉग लावून घेतलेली फाईल.

विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर पण बघून जा. त्यात कर्नल-पॉवर ४१ दिसलं की दुकानदार लगेच एसएमपीएस म्हणतात, पण त्याचा अर्थ फक्त पीसी नीट बंद न होता गेला एवढाच, लाईट गेल्यावर पण तोच येतो. ज्या दिवशी लाईट गेली नव्हती त्या दिवशीचा दाखवा. डब्ल्यूएचईए-लॉगर नावाची एरर असेल तर ती हार्डवेअरनं स्वतः दिलेली तक्रार आहे, तिचा फोटो नक्की काढा.

ऑनलाईन घेतलं असेल तर परत करायची मुदत थोड्याच दिवसांची असते, म्हणून या सगळ्या टेस्ट त्या मुदतीत उरका. पार्ट बाहेरगावच्या दुकानातून घेतला असेल तर वॉरंटी दुकानाची आहे का कंपनीची ते बिलावर बघा, कंपनीची असेल तर कोल्हापूर किंवा बेंगळुरूला फेरी मारायच्या आधी फोन करून कुरिअरनं घेतात काय विचारा.

माझा पीसी जोडून दिलेल्या दुकानात मी वही घेऊन परत गेलो होतो, रॅम चुकीच्या स्लॉटमध्ये बसवली हे दाखवायला. तो म्हणाला, "चालूलाय की साहेब, मग आणि काय पाहिजे?" वही मिटली आणि घरी आलो.